ग्रॅहम्सटाउन, जुलै १९६७: झोपायच्या जागेवरून उठलेला प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थी संघटनेची परिषद, वर्णभेदाच्या विरोधातली. भरवणारे वर्णभेदाच्या विरोधातले. दिवसभर होणारे ठरावही त्याच विरोधातले. रात्री झोपायला मात्र काळ्या आफ्रिकन प्रतिनिधींनी गावाबाहेरच्या वस्तीतल्या चर्चमध्ये जायचं.

कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हे प्रकरण मांडलं की पहिल्या दहा मिनिटांत खोलीत दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, "एवढ्याशा गोष्टीवरून चांगली संघटना फोडायची?" दुसरी म्हणते, "एवढीशी?" पुढचा सगळा वेळ त्या 'एवढीशी'वर जातो. मी मुद्दाम मंडेला किंवा त्यांच्या तुरुंगवासाच्या रॉबेन बेटापासून सुरुवात करत नाही. तिथे कोण कुठल्या बाजूला आहे हे आधीच ठरलेलं असतं. इथे समोर मित्र आहेत, आणि पेच तिथेच आहे.

त्या रात्री सभागृहात असलेल्या बहुतेकांची नावं इथे घेतलेली नाहीत. सार्वजनिक नोंदीत जी ठळक आहेत तेवढीच आली आहेत.

पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेत १९६० नंतर काळ्या राजकारणावर स्मशानशांतता पसरली होती. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली. एप्रिलमध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटना बेकायदा ठरल्या. १९६४ पर्यंत पुढारी तुरुंगात किंवा परदेशात. घराघरांतली आईबापं पोरांना एकच सांगत होती: राजकारणात पडू नकोस.

शिक्षणातली वाटणी १९५९ च्या कायद्याने पक्की केली. पूर्वी काही गोऱ्या विद्यापीठांत थोडेफार काळे विद्यार्थी असत, ते दार जवळजवळ बंद झालं. जातीजमातींप्रमाणे कॉलेजं वाटली गेली: खोसा भाषकांना फोर्ट हेअर, झुलूंना न्गोये, उत्तरेकडच्यांना टर्फलूप, मिश्रवर्णीयांना केपमध्ये, भारतीयांना डर्बनमध्ये. अपवाद म्हणावा असं एक ठिकाण उरलं, नाताल विद्यापीठाचं डर्बनमधलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथे आफ्रिकन, भारतीय आणि मिश्रवर्णीय मुलं एकत्र शिकत. अर्थात गोऱ्यांपासून वेगळी. त्या विभागाचं नावच 'नॉन-युरोपियन' होतं. वसतिगृह वेंटवर्थला, जुन्या लष्करी बराकींमध्ये, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाना.

या प्रकरणाच्या मध्यभागी असलेला स्टीव्ह बिको १९६६ मध्ये तिथे दाखल झाला. किंग विल्यम्स टाउनजवळच्या गिन्सबर्ग वस्तीतला मुलगा. वडील तो लहान असतानाच गेले, आई आधी गोऱ्यांच्या घरी कामाला होती, पुढे इस्पितळात स्वयंपाकीण. डर्बनला आल्यावर तो राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेत, म्हणजे न्यूसॅसमध्ये, ओढला गेला.

न्यूसॅसबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं प्रकरण फार सोपं होऊन बसतं. १९२४ ची संघटना. पुढारी बहुतांश इंग्रजी बोलणारी गोरी मुलं, विचाराने उदारमतवादी. ही मुलं ढोंगी नव्हती. १९६६ मध्ये तिच्या अध्यक्षावर सरकारने निर्बंधाचा हुकूम बजावला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी दक्षिण आफ्रिकेत आले ते तिच्याच निमंत्रणावरून. काळ्या विद्यार्थ्याला देशभरच्या व्यासपीठावर उभं राहून सरकारला शिव्या घालायच्या असतील तर दुसरी जागा फारशी नव्हती. बिकोचे काही मित्र तिला नावं ठेवत, आणि बिको तिची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडत असे.

पेच

१९६७ च्या जुलैमध्ये न्यूसॅसची वार्षिक परिषद ग्रॅहम्सटाउनच्या ऱ्होड्स विद्यापीठात भरली. जुलै म्हणजे तिकडे कडाक्याची थंडी. गावाला नाव कर्नल जॉन ग्रॅहमचं, ज्याच्या फौजेने १८११-१२ मध्ये खोसा लोकांना त्या मुलखातून हाकलून लावलं. विद्यापीठाला नाव सेसिल ऱ्होड्सचं. गावाच्या कडेला आफ्रिकनांची 'लोकेशन'. आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हटलं की जे समजतं, तेच.

विद्यापीठाने कळवलं की काळ्या प्रतिनिधींना वसतिगृहात राहता येणार नाही. गोरे प्रतिनिधी विद्यापीठाच्या खोल्यांत राहणार होते. आफ्रिकन मुलांनी रात्री लोकेशनमधल्या चर्चमध्ये राहायचं आणि सकाळी परत परिषदेला यायचं.

अपमान विद्यापीठाने केला हे खरं, आणि न्यूसॅसने त्याचा निषेधही केला. पण निषेध झाल्यावर परिषद चालू ठेवायची की नाही, हा प्रश्न उरलाच. तो सोडवायचा होता संघटनेला, आणि संघटनेत मतं जास्त कुणाची होती हे सांगायला नको.

समोर असलेले पर्याय

पहिला: निषेधाचा ठराव करायचा आणि कामकाज पुढे न्यायचं. याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. प्रतिनिधी लांबून आलेत, वर्षातून एकदाच भेट होते, परिषद मोडली तर सरकारला हवं तेच मिळेल. आपल्याकडच्या कुठल्याही संघटनेत हा युक्तिवाद ऐकायला मिळतो: "मुख्य लढा महत्त्वाचा." मुख्य लढा कुठला हे ठरवणारा त्या रात्री कुठे झोपणार आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

दुसरा: परिषद तहकूब करायची आणि सगळ्यांना एकत्र राहता येईल अशी जागा मिळाल्यावरच भरवायची. हा ठराव बिकोने मांडला.

तिसरा: संघटनाच सोडायची. तो तेव्हा बिकोच्याही मनात पक्का नव्हता. सोडून जायचं कुठे? स्वतंत्र काळी संघटना काढली तर ती सरकारच्या वेगळेपणाच्या धोरणाला आयती पावती. प्रत्येकाने आपापल्या गटात राहावं, हेच तर प्रिटोरियाचं, म्हणजे सरकारचं, म्हणणं होतं. काळ्या विद्यार्थ्यांच्या मनातली ही भीती खोटी नव्हती. पुढे सासो ही काळ्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना निघाली, तिच्या सुरुवातीच्या काळात बिकोने या भीतीची उघड कबुली दिली आहे.

चर्चा रात्रभर चालली. बिकोचा ठराव पडला.

पहिला निर्णय: लगेच न फुटणं

बिकोने नंतर सांगितलं की त्या रात्रीपर्यंत वर्णविरहिततेचं तत्त्व तो धर्मासारखं धरून बसला होता, आणि त्या चर्चेत त्याला जाणवलं की ते तत्त्व मांडणाऱ्यांतच काहीतरी कमी आहे. ही माणसं आपल्याला गृहीत धरतात. शत्रू गृहीत धरतो तशी नव्हे. घरातल्या धाकट्याला गृहीत धरतात तशी.

तरी ठराव पडला त्या दिवशी कुणी नवी संघटना जाहीर केली नाही. ग्रॅहम्सटाउन ते सासोची स्थापना यात दोन वर्षं गेली. शिबिरात ही गोष्ट ऐकून तरुण मुलं अस्वस्थ होतात, त्यांना लगेच उठून जाणं जास्त आवडतं. मला मात्र वाटतं, या दोन वर्षांनीच पुढचं सगळं तोलून धरलं.

जुलै १९६८ मध्ये स्टटरहाइमला युनिव्हर्सिटी ख्रिश्चन मूव्हमेंटची परिषद होती. इथे काळ्या मुलांची संख्या बरीच होती. अडचण पुन्हा राहण्याचीच, पण नमुना वेगळा. कायद्याप्रमाणे आफ्रिकन माणसाला परवान्याशिवाय शहरी हद्दीत ७२ तासांहून जास्त थांबता येत नसे, आणि परिषद त्याहून लांब. मग तोडगा निघाला: मुदत संपायच्या आत हद्दीपर्यंत चालत जायचं, पलीकडे पाऊल टाकायचं, परत आत यायचं. घड्याळ नव्याने सुरू.

हसू येतं, पण त्या रेषेवर उभं राहिलेल्या माणसाचं काय होत असेल? कायदा मोडला नाही आणि पाळलाही नाही. सगळ्या मंडळींनी चालून सोबत दिली म्हणून त्यातला कमीपणा काही टळला नाही, कारण हद्द एकाच रंगाच्या पायांसाठी होती. तिथेच काळ्या प्रतिनिधींनी पहिल्यांदा वेगळी बैठक घेतली. अजेंडा फार मोठा नव्हता, पण त्या खोलीत कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

दुसरा निर्णय: वेगळं बसणं

डिसेंबर १९६८ मध्ये मेरियनहिलला निरनिराळ्या काळ्या कॉलेजांचे विद्यार्थी-प्रतिनिधी जमले. जुलै १९६९ मध्ये टर्फलूपला साउथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन, म्हणजे सासो, रीतसर उभी राहिली. बिको पहिला अध्यक्ष.

आता यातली काटकसर बघा. १९६९ मध्ये सासोने न्यूसॅसशी नातं तोडलं नाही; राष्ट्रीय संघटना म्हणून तिची मान्यता कायम ठेवली. ती मान्यता काढली १९७० मध्ये. आधी स्वतःच्या पायाखाली जमीन आणली आणि मगच हात सोडला.

टीका दोन्हीकडून झाली. उदारमतवादी गोरे दुखावले: "आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं." सरकार मात्र सुरुवातीला खूश होतं. ज्या जमातवार कॉलेजांत न्यूसॅसला मज्जाव होता तिथे सासोला चालू दिलं गेलं, कारण ती वेगळेपणाच्या धोरणात बसते असा साहेबांचा समज झाला. शत्रूने पाठ थोपटली की आपण चुकतोय, असा एक ठोकताळा चळवळीत असतो. इथे तो लागू पडला नाही. वेगळं बसवणं आणि वेगळं बसणं यांत क्रियापदाचा एकच प्रत्यय जास्त आहे, आणि सरकारला तो वाचता आला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे दोन गोष्टी आठवतील. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा: अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, पण कामकाज आंबेडकरांच्या आणि अस्पृश्य कार्यकर्त्यांच्या हातात. आणि १९२७ चा महाड: ब्राह्मणांना वगळा तर आम्ही येतो, ही जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची अट आंबेडकरांनी नाकारली. म्हणजे प्रश्न तोच, उत्तर वेगळं. त्यामुळे "स्वाभिमान म्हणजे वेगळी चूल" असं समीकरण या प्रकरणातून काढू नये. महाडला चूल कुणाची हे आधीच ठरलेलं होतं, पाहुणे कोण येतात एवढंच ठरवायचं होतं. ग्रॅहम्सटाउनला काळे प्रतिनिधीच पाहुणे होते.

तिसरा निर्णय: शब्द बदलणं

मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची कृती १९७१ ची आहे.

तोपर्यंत कागदोपत्री शब्द होता 'नॉन-व्हाइट'. पाट्यांवर, बाकांवर, रुग्णालयांवर. सुरुवातीला सासोही तोच वापरत होती. माणसाची ओळख काय, तर तो जे नाही ते. आपल्याला हे कळायला कठीण नाही. 'अस्पृश्य' शब्दात तो 'अ' आहे, आणि 'ब्राह्मणेतर' म्हणून लढणाऱ्यांनाही स्वतःच्या नावात आधी ब्राह्मण म्हणावं लागलं.

जुलै १९७१ मध्ये सासोने धोरणपत्रक मंजूर केलं आणि 'ब्लॅक'ची व्याख्या केली. तिचा आशय असा: कायद्याने किंवा रूढीने ज्यांच्याशी राजकीय, आर्थिक आणि सामाजिक भेदभाव होतो, आणि जे स्वतःला या लढ्यातला एक घटक मानतात, ते सगळे काळे. दुसरी अट नीट वाचा. कातडी पुरेशी नाही. काळा पोलीस या व्याख्येत बसत नाही, आणि भारतीय वंशाचा विद्यार्थी बसतो.

डर्बनमधल्या भारतीयांसाठी ही मोठी उडी होती. गांधींच्या काळापासून भारतीयांचे लढे बहुतांशी भारतीय म्हणूनच लढले गेले होते. आम्हाला आफ्रिकनांच्या रांगेत बसवू नका, असाही सूर त्यांत एके काळी होता. केपटाउनमध्ये रत्नागिरी-कुलाब्याकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची घरं आहेत. कायद्याच्या उतरंडीत त्यांची पायरी आफ्रिकनांच्या वर, गोऱ्यांच्या खाली. ती एक पायरी सोडून खाली उतरा, असं सासो सांगत होती. सगळे उतरले नाहीत. पण सॅथ्स कूपर आणि स्ट्रिनी मूडली हे डर्बनचे भारतीय तरुण उतरले, आणि पुढे रॉबेन बेटावर शिक्षा भोगून आले.

मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतून घेतलेलं, डर्बनशी थेट संबंध नव्हे. पण १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्द भूमिहीन, कामगार, स्त्रिया इथपर्यंत ताणला गेला, आणि त्यावरून संघटना फुटली. शब्द मोठा केला की त्यात नेमकं कोण राहणार यावर भांडण होतं. सासोला तेही चुकलं नाही.

शब्दाची कसोटी कोर्टात लागली. १९७५-७६ मध्ये सासोच्या नऊ जणांवर दहशतवादाचा खटला चालला, आणि मे १९७६ मध्ये बिको बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. न्यायमूर्तींनी विचारलं, तुम्ही स्वतःला काळे का म्हणता, तुम्ही तर तपकिरी दिसता. बिको म्हणाला, गोरे लोक गुलाबी दिसतात तरी स्वतःला पांढरे म्हणवतात, तसंच.  नऊ वर्षांपूर्वी ठराव मांडून बहुमताची वाट बघणारा विद्यार्थी आता कुणाच्या मान्यतेसाठी बोलत नव्हता, हे या एका देवाणघेवाणीत दिसतं.

परिणाम

काम वाढलं. बिको 'फ्रँक टॉक' या टोपणनावाने सासोच्या वार्तापत्रात लिहू लागला. अभ्यासवर्ग सुरू झाले, साक्षरतेसाठी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांची पद्धत शिकून घेतली गेली. बिकोचं वैद्यकीय शिक्षण सुटलं. १९७५ मध्ये किंग विल्यम्स टाउनजवळ झिन्योकाला झानेम्पिलो दवाखाना उभा राहिला, डॉ. मॅम्फेला रॅम्फेले तिथे होत्या. काळ्यांनी काळ्यांसाठी चालवलेला दवाखाना म्हणजे रुग्णाला आत येताना मान खाली घालावी न लागणं. स्वाभिमानावरच्या दहा भाषणांपेक्षा मला तो दवाखाना जास्त पटतो.

सरकारला चूक कळायला तीन-चार वर्षं लागली. १९७३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ न्यूसॅसचे आणि आठ काळ्या चळवळीचे पुढारी, अशा दोन्हीकडच्यांवर निर्बंधांचे हुकूम निघाले. बिकोला गावात डांबलं. टर्फलूपच्या पदवीदान समारंभात शिक्षणव्यवस्थेवर बोललेला सासोचा ओंकोपोत्से टिरो १९७४ मध्ये बोत्स्वानात पार्सल-बॉम्बने मारला गेला. १६ जून १९७६ ला सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली. त्यांतली अनेक याच विचारांच्या शिक्षकांच्या आणि मोठ्या भावंडांच्या हाताखाली वाढलेली.

१८ ऑगस्ट १९७७ रोजी बिकोला रस्त्यावरच्या नाक्यावर पकडलं. नाका ग्रॅहम्सटाउनजवळ. पोर्ट एलिझाबेथला मारहाणीत मेंदूला इजा झाली, मग नग्नावस्थेत पोलीस गाडीत घालून सुमारे ११०० किलोमीटर दूर प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला तो वारला, वय ३०. ऑक्टोबरमध्ये सासोवर बंदी आली. न्यूसॅसवर आली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

आधी गोऱ्या प्रतिनिधींकडून. शिबिरात हा प्रश्न टाकल्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "सगळेच चर्चमध्ये झोपले असते तर?" झोपले असते तर निदान एक रात्र यजमान आणि पाहुणे एका जागी आले असते. पण मला शंका आहे. परिषद त्या विद्यापीठात भरवायची हे ज्यांनी ठरवलं त्यांनी राहण्याची सोय आधी का विचारली नाही, हा प्रश्न त्या सोबतीने झाकला गेला असता. स्टटरहाइमला सोबत होतीच की.

त्यांनी पुढे केलं ते जास्त कामाचं होतं. बिको त्यांना सांगत असे की आमच्यात येऊन आमचं नेतृत्व करू नका, प्रश्न तुमच्या समाजात आहे, तिथे जा. काही जण रागावून घरी बसले. काहींनी १९७१ पासून 'वेज कमिशन' नावाचे विद्यार्थी गट काढले, काळ्या कामगारांच्या पगाराचे आकडे गोळा केले. १९७३ च्या जानेवारीत डर्बनमध्ये विटांच्या कारखान्यातून संपाची लाट उठली, तेव्हा आणि नंतरच्या युनियन-बांधणीत ते काम उपयोगी पडलं.

आणि हीच सासोची उणी बाजू. ज्या शहरात तिचं कार्यालय होतं त्याच शहरात हजारो काळे कामगार संपावर गेले आणि त्यात तिचा हात नाममात्र होता. विद्यार्थ्यांची संघटना विद्यार्थ्यांच्याच भाषेत बोलत राहिली. मेरियनहिलला जमलेल्यांत दोन-चार गोदी कामगार असते तर आत्मसन्मानाच्या व्याख्येत पगार आधी आला असता.

दुसरी उणीव घोषणेतच ऐकू येते. "काळ्या पुरुषा, आता तुझा तूच आहेस" अशा अर्थाची ती घोषणा होती. बाया संघटनेत होत्या, दवाखाना चालवत होत्या, तुरुंगातही गेल्या. पण 'नॉन-व्हाइट'मधला नकार ज्यांच्या कानाला इतका बोचला, त्यांना हा 'पुरुषा' खटकला नाही. रॅम्फेले यांनी नंतर याबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. शिबिरात या टप्प्यावर पुरुष कार्यकर्ते घड्याळ बघू लागतात.

तहकुबीचा ठराव मंजूर झाला असता तर सासो निघाली असती का? माझा अंदाज, निघाली असती, थोडी उशिरा आणि कमी कडवटपणे. राहण्याची सोय झाली असती तरी बोलायचं कुणी आणि ऐकायचं कुणी ही वाटणी तशीच राहिली असती.

ग्रॅहम्सटाउनचं नाव २०१८ मध्ये बदललं. आता ते मखांडा, १८१९ मध्ये त्याच गावावर चालून गेलेल्या खोसा नेत्याच्या नावाने. विद्यापीठातल्या विद्यार्थी संघाच्या इमारतीला बिकोचं नाव दिलं आहे. विद्यापीठाचं नाव अजून ऱ्होड्सच आहे.